रोमची पायीं पाहणी : तीन जुन्या लॅटिन लेखांचें परीक्षण

युरोपांतील ऐतिहासिक शहरें पाहावयास जाणाऱ्या आपल्या मंडळींची संख्या अलीकडे पुष्कळ वाढली आहे, आणि परत आल्यावर प्रवासवर्णन लिहिण्याची हौसही त्याच मानानें वाढली आहे. हीं वर्णनें आम्ही आवडीनें वाचतों. परंतु त्यांत 'असें म्हणतात' या दोन शब्दांवर जेवढा भार टाकलेला असतो तेवढा दुसऱ्या कशावरही नसतो. म्हणणारा कोण, लेखकानें स्वतः काय पाहिलें, दगडावर काय कोरलेलें होतें आणि वाटाड्यानें काय सांगितलें, हे चार वेगळे धागे एकाच दोरींत वळलेले असतात. ही दोरी पुढच्या अभ्यासकास उलगडतां येत नाहीं. म्हणून वर्णन कितीही रसाळ असलें तरी इतिहासाचें साधन म्हणून त्याचा उपयोग होत नाहीं.

हा दोष आजचा नव्हे, आणि त्यावरील उपायही आजचा नव्हे. रोम शहर पायीं हिंडणारांसंबंधींचे तीन लॅटिन लेख मध्ययुगांतून आपल्यापर्यंत आले आहेत. पहिला आठव्या शतकाच्या अखेरीचा किंवा नवव्याच्या आरंभींचा, दुसरा इ. स. ११४० च्या सुमाराचा, आणि तिसरा बाराव्या शतकाच्या अखेरीचा किंवा तेराव्याच्या आरंभींचा. शहर तेंच, भग्नावशेष बहुतेक तेच. पाहण्याची व नोंदण्याची रीत मात्र तीन तऱ्हांची. या तिहींची तुलना करून, पायीं पाहिलेल्या स्थळांची नोंद कशी केली असतां ती टिकते, याचा विचार करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. आइन्सीडेल्नची वाटयादी

स्वित्झर्लंडमधील आइन्सीडेल्न येथील बेनेडिक्टिन मठाच्या ग्रंथसंग्रहांत ३२६ क्रमांकाची एक लहान आकाराची चर्मपत्रावरील पोथी आहे. पूर्वी ती फेफर्स येथील मठांत होती. तिच्या एका भागांत पांच प्रकारचा मजकूर ओळीनें येतो : सुमारें ऐंशी शिलालेखांच्या नकला (बहुतेक रोममधील, शेवटच्या थोड्या पाविया येथील), रोममधून जाणाऱ्या दहा-बारा वाटा, शहराच्या तटाचें वर्णन, ईस्टरपूर्वींच्या धर्मविधींची माहिती, आणि कांहीं लॅटिन कविता. लेखकाचें नांव कोठेंही नाहीं. फ्रेंच पंडित माबिलों यानें हा मजकूर १६८५ मध्यें प्रथम छापला. पुढें एकोणिसाव्या शतकांत दे रोस्सी व लांचानी यांनीं, १९०७ मध्यें हुल्सेन यानें आणि १९८७ मध्यें वाल्झर यानें त्याचें कसून संशोधन केलें. आतां तर पोथीच्या पानांचीं छायाचित्रें स्वित्झर्लंडमधील हस्तलिखितांच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहतां येतात. संग्राहकांनीं तीं अवश्य पाहावीं.

वाटांची मांडणी अगदीं साधी आहे. पहिल्या वाटेचा मथळा 'सेंट पीटरच्या वेशीपासून ऑर्थेआंतील सेंट लुसीपर्यंत' असा आहे. त्याखालीं डाव्या हातास काय व उजव्या हातास काय एवढेंच लिहिलें आहे. डावीकडे फ्लामिनियसचें सर्कस व तेथील सेंट अग्नेस, पुढें 'रोटुंडा' म्हणजे पँथिऑन, त्यापुढें ट्रेजनचा चौक व त्याचा स्तंभ. उजवीकडे दामासोंतील सेंट लॉरेन्स, पाँपीचें नाट्यगृह, कॅपिटोल टेकडी, सेंट सर्जियस आणि तेथील 'रोमची नाभी'. विशेषण एकही नाहीं, कथा एकही नाहीं. ख्रिस्ती देवालय व जुन्या रोमन लोकांचें पडकें नाट्यगृह हीं शेजारीं शेजारीं, सारख्याच कोरडेपणानें नोंदलेलीं आहेत. एकाविषयीं भक्ति नाहीं कीं दुसऱ्याविषयीं तिटकारा नाहीं.

ही वाट यादी हातांत घेऊन आम्हीं चालून पाहिली आहे. टायबर नदीवरील सेंट अँजेलोच्या पुलापासून निघालें असतां नाव्होना चौक डाव्या अंगास राहतो, दामासोंतील सेंट लॉरेन्सचें देवालय उजव्या अंगास राहतें, आणि पाँपीचें नाट्यगृह जरी नाहींसें झालें असलें तरी त्याच्या अर्धवर्तुळाकृति पायावर उठलेलीं घरें अजून तोच बांक घेऊन उभीं आहेत. ट्रेजनचा स्तंभ आपल्या जागीं आहे. त्यापुढें मात्र १९३२ मध्यें मुसोलिनीच्या राजवटींत खुल्या झालेल्या रुंद राजमार्गानें जुनी वाट तोडून टाकिली आहे. यादींत पुढें येणारें सेंट हेड्रियनचें देवालय तर आतां नाहींच. सातव्या शतकांत जुन्या रोमन राजसभेच्या इमारतींत हें देवालय झालें होतें. १९३० नंतरच्या दशकांत देवालयाचा सर्व भाग काढून टाकून राजसभेची इमारत पूर्वस्वरूपांत आणण्यांत आली. उत्खनन करविणारांस सम्राटांचें रोम हवें होतें, म्हणून मधल्या तेरा शतकांचें रोम त्यांनीं खरडून काढिलें. यादीकारास या दोहोंत भेद करण्याचें प्रयोजन वाटलें नाहीं, म्हणून निदान त्याच्या दोन शब्दांत तो थर शिल्लक राहिला आहे.

२. यादीचा गुण

या यादीची थोरवी एका उदाहरणानें ध्यानांत येईल. कॅपिटोल टेकडीच्या पायथ्याशीं सम्राट् व्हेस्पेशियन याच्या देवळाचे तीन खांब उभे आहेत. त्यांवरील तुळईवर आज लॅटिन लिपींतील आठच अक्षरें दिसतात. त्यांचा उच्चार 'एस्तितुएर' असा होतो. एवढ्यावरून 'जीर्णोद्धार केला' अशा अर्थाच्या क्रियापदाचा हा मधला तुकडा आहे, इतकेंच कळेल. कोणाचें देऊळ आणि जीर्णोद्धार कोणी केला हें दगड सांगत नाहीं. तें आइन्सीडेल्नची पोथी सांगते. यादीकाराच्या काळीं तो लेख पूर्ण होता, व त्यानें तो उतरून घेतला : देऊळ व्हेस्पेशियनचें, आणि त्याचा जीर्णोद्धार सेप्टिमियस सेव्हेरस व त्याचा पुत्र कॅराकॅला या सम्राटांनीं केला. शेजारच्या कोंकॉर्डिया देवीच्या देवळाचें तर जोतेंच उरलें आहे. त्यावरील जीर्णोद्धाराचा लेख आपणांस याच पोथीमुळें ठाऊक आहे. बाराशें वर्षांपूर्वीं एका अनाम माणसानें मान वर करून, अक्षरामागून अक्षर उतरून घेतलें नसतें, तर हें ज्ञान दगडाबरोबरच गेलें असतें.

तटाच्या वर्णनांतही तीच वृत्ति दिसते. एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत बुरूज किती, चऱ्या किती, खिडक्या किती, हें मोजून शेवटीं बेरीज दिली आहे : ३८३ बुरूज, ७,०२० चऱ्या, बाहेरच्या बाजूस २,०६६ मोठ्या खिडक्या, आणि पहारेकऱ्यांसाठीं ११६ शौचकूप. शेवटचा आंकडा वाचून कोणी हंसेल. परंतु तटावर माणसें राहत असत आणि त्यांची सोय पाहिलेली होती, ही गोष्ट कोणत्याही बखरीनें सांगितली नसती. ती मोजणारानें सांगितली.

३. यादीचे दोष

यादी निर्दोष आहे असें मात्र नव्हे. पहिलीच नोंद घ्या. सेंट अग्नेसच्या देवालयाजवळ, म्हणजे आजच्या नाव्होना चौकाच्या जागीं, यादीकार फ्लामिनियसचें सर्कस सांगतो. वास्तविक त्या जागीं सम्राट् डोमिशियन याचें क्रीडांगण होतें, आणि फ्लामिनियसचें सर्कस बरेंच दक्षिणेस, मार्सेलसच्या नाट्यगृहाजवळ होतें. दुसरा दोष वर उल्लेखिलेल्या देवळांविषयींचा. सॅटर्न, व्हेस्पेशियन व कोंकॉर्डिया यांच्या देवळांवरील तीन लेख पोथींत एकमेकांस जोडून, जणु एकच लेख असल्याप्रमाणें, उतरलेले आहेत.

या दोषांचें स्वरूप मात्र पाहण्यासारखें आहे. सॅटर्नच्या देवळावरील लेख आजही पुरता वाचतां येतो, आणि व्हेस्पेशियनच्या देवळावर तीं आठ अक्षरें आहेत. या दोन खुणांच्या आधारें विद्वानांनीं सांधे ओळखून तिन्ही लेख सोडविले. नकलकारानें अर्थ लागत नाहीं म्हणून मधले शब्द आपल्या बुद्धीनें बदलले असते, तर हें काम अशक्य झालें असतें. ज्यांनीं पोथ्यांचे पाठभेद जुळविले आहेत त्यांस हा अनुभव नवा नाहीं. अडाणी नकलकाराची चूक संपादकास सांपडते. शहाण्या नकलकाराची 'दुरुस्ती' सांपडत नाहीं. सर्कसच्या बाबतींतही तेंच. नांव चुकलें, पण जागा चुकली नाहीं. शेजारीं सेंट अग्नेस लिहिलें असल्यामुळें नांवाची चूक उघडकीस आली.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही यादी चालणाऱ्या माणसानें केलेलीच नव्हे, ती एखाद्या नकाशावरून उतरलेली आहे, असें हुल्सेनचें म्हणणें. वाटेवरून दिसणार नाहींत अशीं दूरचीं स्थळेंही डाव्या-उजव्या बाजूस नोंदलेलीं आहेत, हा या मताचा मुख्य आधार. आक्षेप विचारणीय आहे. पाँपीच्या नाट्यगृहासारखें स्थळ गल्लीगल्लींतून जाणाऱ्यास समोर दिसत असेलच असें नाहीं. तथापि आमच्या मतें यानें यादीचें मूळ स्वरूप बदलत नाहीं. नकाशास पूर्व-पश्चिम असते, डावें-उजवें नसतें. डावें-उजवें चालणारास असतें. कोणी नकाशा समोर ठेवून यादी केली असली, तरी ती करतांना त्यानें मनानें ती वाट चालली आहे, आणि पुढें पायांनीं चालणाऱ्यासाठीं ती लिहिली आहे. शिवाय उपलब्ध पोथी ही मूळ प्रत नसून नक्कल आहे. मूळ टिपणें एकाचीं कीं अनेकांचीं, हें तिच्यावरून ठरत नाहीं. शिलालेख मात्र नकाशावरून उतरत नसतात. कोणीतरी त्या त्या भिंतीखालीं उभें राहून ते वाचले आहेत.

४. मिराबिलिया

दुसरा लेख 'मिराबिलिया उर्बिस रोमाए', म्हणजे 'रोम नगरींतील अद्भुतें'. याचें कर्तृत्व सेंट पीटरच्या देवालयांतील बेनेडिक्ट नांवाच्या धर्माधिकाऱ्याकडे देण्याची वहिवाट आहे, पण ती सर्वमान्य नाहीं. हा ग्रंथ यात्रेकरूंत शतकानुशतकें लोकप्रिय होता, व त्याच्या पुष्कळ प्रती झाल्या. कारण उघड आहे : यादींत नाहीं तें सर्व यांत आहे. प्रत्येक दगडास कथा आहे.

या कथा कशा उपजतात हें पाहण्यास दोन स्थळें पुरेशीं आहेत. क्विरिनाल टेकडीवर दोन घोडे व त्यांस धरणारे दोन नग्न पुरुष यांचे प्रचंड संगमरवरी पुतळे आहेत. त्यांच्या बैठकींवर 'फिडियासची कृति', 'प्राक्सितेलेसची कृति' असें कोरलेलें आहे. हीं दोन्ही प्रसिद्ध ग्रीक शिल्पकारांचीं नांवें. मिराबिलियाकारास तें ठाऊक नव्हतें. त्यानें या नांवांचे दोन तरुण तत्त्ववेत्ते कल्पिले. ते टायबेरियस बादशहाकडे नग्न आले, तुझ्या खोलींत तूं रात्रीं काय बोललास तें सांगतों म्हणाले, आणि बक्षीस म्हणून हें स्मारक मागून घेते झाले, अशी कथा रचली. पँथिऑनचेंही तसेंच. कपाळपट्टीवर आग्रिप्पाचें नांव मोठ्या अक्षरांत आहे. त्यावरून आग्रिप्पानें पारसीकांवर जय मिळवून नवस फेडण्यासाठीं हें देऊळ बांधलें अशी कथा झाली. आणि तिला जोड म्हणून कॅपिटोलवरील प्रांतांच्या मूर्ती आल्या, ज्यांच्या गळ्यांतील घंटा त्या त्या प्रांतांत बंड झालें कीं आपोआप वाजत.

मिराबिलियाकारास हंसण्यापूर्वीं एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. आजची पँथिऑनची इमारत आग्रिप्पाची आहे असें पुढील विद्वानही एकोणिसाव्या शतकापर्यंत धरून चालले होते. १८९२ मध्यें शेदान नांवाच्या फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञानें भिंतींतील विटांवरचे छाप तपासले, तेव्हां ती हेड्रियनच्या काळची असल्याचें दिसून आलें. म्हणजे दगडावरचा लेख वाचणें अवश्य असलें तरी पुरेसें नाहीं. लेख इमारतीविषयीं खरें बोलतो कीं नाहीं हेंही पाहावें लागतें.

आपल्या शास्त्रकारांनीं प्रमाणें मोजतांना 'ऐतिह्य' म्हणून एक प्रमाण पौराणिकांच्या मतें सांगितलें आहे. या वडावर यक्ष राहतो, हें त्याचें ठरीव उदाहरण. मूळ सांगणारा कोण हें माहीत नसतां परंपरेनें चालत आलेलें वचन तें ऐतिह्य. नैयायिक त्यास स्वतंत्र स्थान देत नाहींत. त्याचा समावेश शब्दांत करितात, आणि शब्द प्रमाण होण्यास बोलणारा आप्त असावा लागतो. मिराबिलिया सगळा ऐतिह्याचा ग्रंथ आहे. म्हणून तो टाकाऊ नव्हे. वडावरचा यक्ष खरा नसला तरी वड खरा असतो : बाराव्या शतकांत कोणतें स्मारक कोठें उभें होतें व लोक त्यास काय म्हणत, हें या ग्रंथावरून कळतें. व्हॅटिकनच्या ओबेलिस्कच्या शिखरावरील गोळ्यांत ज्युलियस सीझरच्या अस्थि आहेत असें त्यांत म्हटलें आहे. १५८६ मध्यें दोमेनिको फोंताना यानें तो स्तंभ हलविला तेव्हां गोळा तपासला गेला. आंत कांहीं नव्हतें. परंतु गोळा होता, आणि आज तो रोमच्या संग्रहालयांत आहे.

५. ग्रेगोरियसचें टिपण

तिसऱ्या लेखाचा कर्ता ग्रेगोरियस हा इंग्लंडांतील विद्वान् समजला जातो. त्याचा ग्रंथ केंब्रिजच्या सेंट कॅथरिन महाविद्यालयांतील एका हस्तलिखितांत एम्. आर्. जेम्स यास सांपडला, व तो १९१७ मध्यें प्रसिद्ध झाला. हा गृहस्थ रोमांत डोळे उघडे ठेवून हिंडला. व्हीनसची एक मूर्ति त्यास इतकी आवडली कीं, ती बिऱ्हाडापासून दूर असतांही तो तीन वेळां पाहावयास गेला, असें तो मोकळेपणानें सांगतो.

आमच्या दृष्टीनें त्याचें महत्त्व दुसरेंच आहे. लॅटेरन येथें त्या वेळीं असलेल्या अश्वारूढ पुतळ्याविषयीं तो लिहितो कीं, यात्रेकरू यास थिओडोरिक म्हणतात, रोमचे लोक कॉन्स्टंटाइन म्हणतात, आणि कार्डिनल व धर्माधिकारी यास मार्कस किंवा क्विंटस क्विरिनस म्हणतात. तिघांचीं मतें निरनिराळीं ठेवून कोण काय म्हणतो हें त्यानें नोंदलें आहे. पुतळा वास्तविक सम्राट् मार्कस ऑरेलियस याचा असल्याचें पुढें सिद्ध झालें. १५३८ मध्यें तो कॅपिटोलवर आणला गेला. ग्रेगोरियसला हें उत्तर ठाऊक नव्हतें, पण प्रश्न कसा मांडावा हें ठाऊक होतें. यात्रेकरूंच्या कथा तो पोकळ ठरवितो, पण त्या दडवीत नाहीं.

तेथेंच असलेल्या एका कांस्यपटाविषयीं, आपण पुष्कळ वाचलें पण थोडेंच समजलें, असें त्यानें लिहिलें आहे. व्हेस्पेशियनच्या अधिकारांविषयींचा तो कायदा होता. १३४७ मध्यें कोला दि रिएन्झो यानें तो लोकांसमोर वाचून दाखविला. पँथिऑनची रुंदी आपण स्वतः मोजली व ती २६६ फूट भरली, असेंही ग्रेगोरियस लिहितो. अंतर्व्यास वास्तविक सुमारें ४३ मीटर, म्हणजे रोमन मापानें दीडशें फुटांच्या आंतबाहेर आहे. द्वारमंडप धरून मोजलें, कीं नकलकारानें आंकडा बिघडविला, हा प्रश्न राहतो. पण 'मीं मोजलें' हे शब्द असल्यामुळेंच तो प्रश्न विचारतां येतो.

६. वाचणारा व न वाचणारा

चालणें व पाहणें एक नव्हे, याचें मोठें उदाहरण पेत्रार्क कवीचें आहे. रोमच्या भग्नावशेषांतून मित्रासह केलेल्या भ्रमंतीचें त्याचें पत्र प्रसिद्ध आहे. परंतु दक्षिणेकडील तटांत असलेल्या पिरॅमिडला तोही लोकांप्रमाणेंच रेमसची समाधि समजला. त्या पिरॅमिडवर गायस सेस्टियस याचें नांव व काम ३३० दिवसांत पुरें झाल्याची नोंद मोठ्या अक्षरांत कोरलेली आहे. पंधराव्या शतकांत पोज्जो ब्राच्चोलिनी यानें तो लेख वाचला, आणि एवढ्या विद्वान् पेत्रार्कनें तो कसा वाचला नाहीं याचें नवल केलें. झाडोरा काढून लेख शोधण्यापेक्षां लोकमत स्वीकारणें त्यास सोपें वाटलें असावें, असा त्याचा अभिप्राय. त्याच पोज्जोनें असेंही लिहून ठेविलें आहे कीं, आपण रोमांत प्रथम आलों तेव्हां कॅपिटोलच्या पायथ्याचें एक देऊळ बरेंच शाबूत होतें, पुढें त्याचा संगमरवर लोकांनीं चुन्यासाठीं भाजला. शिलालेखांची नक्कल पुढच्या खेपेवर टाकतां येत नाहीं ती यासाठीं.

७. आपल्याकडील ताळा

या विषयाचा आपणांशीं संबंध काय असें कोणी विचारील. महानुभावांची 'स्थानपोथी' ज्यांनीं पाहिली आहे त्यांस तो सांगावयास नको. चक्रधरस्वामींचें जेथें जेथें वास्तव्य झालें तेथील देवळें, दारें, ओटे हे कोणत्या दिशेस आहेत, हें त्या ग्रंथांत गांवोगांव नोंदलें आहे. रोमच्या यादींत डावें-उजवें आहे, येथें पूर्व-पश्चिम-ईशान्य आहे. कारण तेथें वाटेनें पुढें जाणारा माणूस आहे, आणि येथें स्थानापाशीं थांबून नमस्कार करणारा भक्त आहे. हेतु भक्तीचा असतांही नोंद नेमकी झाली, हें विशेष. उलट आपल्याकडील बहुतेक स्थलमाहात्म्यें मिराबिलियाच्या जातीचीं आहेत. त्यांचा उपयोग करावयाचा तो वडासाठीं करावा, यक्षासाठीं नव्हे.

सारांश, तिन्ही लेखांत आम्ही पहिलें स्थान आइन्सीडेल्नच्या यादीस देतों, दुसरें ग्रेगोरियसला, तिसरें मिराबिलियास. वाचनाच्या गोडीच्या दृष्टीनें हा क्रम बहुधा उलटा लागेल. आमच्या सभासदांपैकीं जे युरोपांतील शहरें पायीं पाहावयास जातील, त्यांनीं आपल्या वहींत पाहिलें, वाचलें व ऐकलें असे तीन रकाने पाडावे, ऐकलें असेल तेथें कोणाकडून तें लिहावें, आणि जें समजलें नाहीं तें समजलें नाहीं म्हणूनच उतरून घ्यावें. हीच वही परत आल्यावर आपल्या गांवच्या वेशीपासून देवळापर्यंत चालवावी. आपले शिलालेख चुन्याच्या भट्टींत जात नसले तरी रंगाच्या थरांखालीं व नव्या फरशांखालीं दरसाल जात आहेत. अशा वह्या मंडळाच्या दप्तरांत दाखल झाल्या तर त्यांवर लेखकाचें नांव नसलें तरी चालेल. तारीख व गांव मात्र असावें.